आईची कूस

धाकटीचं पत्र मी दोनदा वाचलं, होती तशी घडी घातली आणि जाड शब्दकोशात, 'उत्तर' हा शब्द ज्या पानावर आहे तिथे ठेवून दिलं. आपण काहीतरी गमतीचं केलं असं तेव्हा वाटलं होतं. उत्तर मात्र दिलं नाही.

पत्र अगदी छोटं होतं. 'काका, फोनवर सगळे "बरी आहे" म्हणतात. तुम्हाला लिहिताना खोटं बोलता येत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. आई कशी आहे? आणि मी यावं का?'

याला दोन ओळी पुरल्या असत्या. पण मी जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या. स्वतः लिहायला बसलो की पहिल्याच शब्दावर खूण करावीशी वाटते. शिवाय 'ये' म्हणणारा मी कोण? तिच्या आईचा दीर. मागच्या खोलीतला. ती ज्या शब्दामुळे घर सोडून गेली तो शब्द तिच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा होता, तेव्हा बोलवायचं तर ताईने, नाहीतर तिच्या भावाने, दादाने. मी मध्ये पडावं का? असा विचार करण्यात दिवस गेले. पत्र आलं तेव्हा वहिनींच्या माकडहाडावरची जखम कोटाच्या बटणाएवढी होती. वहिनींना ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं त्या सकाळी ती तळहाताएवढी झाली होती, मधोमध काळी, चामड्यासारखी कडक. आणि पत्र अजून शब्दकोशातच होतं.

थिएटरबाहेर आम्ही चौघे. ताई पहाटेच्या गाडीने आली होती, बॅग अजून खांद्यालाच. दादा भिंतीला टेकून उभा. त्याची बायको, आमची सूनबाई, खिडकीशी. मी खुर्चीत, कारण मला कुणी काही विचारत नव्हतं.

"वास कधीपासून येत होता?" ताईने विचारलं.

"चार-पाच दिवस झाले," सूनबाई म्हणाली.

"चार की पाच?"

"ताई, तू शाळेत आहेस का?" दादा म्हणाला.

"शाळेत असते तर एव्हाना उत्तर मिळालं असतं." ताई मुख्याध्यापिका आहे, आणि हे वाक्य तिने इतक्या हळू म्हटलं की शेजारच्या बाकावरच्या माणसाने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "माझ्या आईच्या पाठीला भोक पडलं, आणि घरात कुणाला पत्ता नाही."

"पत्ता होता," सूनबाई म्हणाली. "रोजचं ड्रेसिंग मीच करत होते."

"तेच म्हणतेय मी."

सूनबाईने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते तिने मला पुष्कळ दिवसांनी, मशीनवर दोरा ओवता ओवता सांगितलं. ती शिवणकाम करते, रंग तिच्या नजरेतून सुटत नाही. वहिनी जिन्यावरून पडल्या, कमरेखालचं सगळं बधिर झालं, त्या दिवसापासून त्यांना आंघोळ घालणारी तीच. एका सकाळी तिला माकडहाडावर गुलाबी डाग दिसला. बोटाने दाबला. दाबल्यावर कातडी पांढरी व्हायला हवी, मग पुन्हा गुलाबी. तो डाग पांढरा झालाच नाही. "कापडाचा रंग पक्का असतो ना काका, तसा," ती म्हणाली. "तेव्हाच मला धस्स झालं. मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, मलम लाव. मी मलम लावलं. आईंना विचारलं, दुखतंय का? त्या हसल्या. म्हणाल्या, अगं, दुखलं असतं तर पार्टी दिली असती."

दुखत नव्हतं हीच तर त्या जखमेची लबाडी होती. बाकी दुखणी ओरडतात. ही आमच्या घरातलीच, आवाज न करणारी.

दार उघडलं. सर्जनबाई बाहेर आल्या. ठेंगण्या, चष्म्याच्या काड्यांना कापडी पट्टी बांधलेली. त्यांनी आमच्यापैकी प्रत्येकाकडे एकदा पाहिलं.

"मेलेलं होतं ते सगळं काढलंय. वरून दिसत होतं त्याच्या दुप्पट आत पोखरलं होतं. कापत गेले, रक्त येईना. रक्त आलं तिथे थांबले. रक्त येतं ते जिवंत. खाली हाडाला लागण झालीय, त्याचा तुकडा तपासायला पाठवलाय."

"म्हणजे तोंड लहान आणि आत खिसा," सूनबाई एकदम म्हणाली.

"बरोबर. खिसाच." बाई तिच्याकडे वळल्या. "आता जखमेत स्पंज बसवून त्याला नळी जोडू. यंत्र घाण ओढून घेत राहील. हाडासाठी औषधं बरेच दिवस. ताप उतरला, तपासण्या मनासारख्या आल्या आणि आत लालभडक दिसायला लागलं, की मग दुसरं ऑपरेशन. शेजारचं मांस आणि कातडी, रक्तवाहिनी न तोडता, फिरवून खड्ड्यावर आणायची."

"ठिगळ नाही. बाजूचंच कापड वळवून घ्यायचं."

"हो."

"मग शिवणीवर ताण नको."

"अजिबात नको. म्हणूनच विचारते. रात्री त्यांची कूस कोण बदलतं?"

"दिवसा मी बदलते," सूनबाई म्हणाली. "रात्री... झोपलेल्या असतात."

"मग?"

सूनबाईने दादाकडे पाहिलं, दादाने ताईकडे, ताईने माझ्याकडे. शेवटी मलाच तोंड उघडावं लागलं. "आमच्या घरात," मी म्हणालो, "झोपलेल्या माणसाला उठवत नाहीत."

हे त्या बाईंना कसं कळावं? माझा भाऊ छापखान्यातच रात्रपाळीचा मशीनमन. दिवसा झोपायचा. त्याची तिन्ही मुलं कुजबुजत वाढली. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. भांडायचं तर खुणांनी. दारावर आलेल्या माणसालाही ओठांवर बोट ठेवून आत घ्यायचं. भाऊ गेला, छापखाना बंद पडला, तरी आम्ही खुर्च्या उचलतोच.

"तरीच," बाई म्हणाल्या. "मघापासून बघतेय, तुम्ही भांडताय की प्रार्थना करताय ते कळेना." मग त्यांचा आवाज बदलला. "ऐका. एका अंगावर दोन तासांहून जास्त नाही. दिवसा नाही, रात्री नाही. दुसऱ्या ऑपरेशननंतर कितीतरी आठवडे पाठ टेकायचीच नाही. पोटावर, नाहीतर डाव्या-उजव्या कुशीवर. हे जमणार नसेल तर मी दुसरं ऑपरेशन करणार नाही."

"असं कसं म्हणता?" ताई म्हणाली.

"मी शिवायचं आणि तुम्ही त्याच शिवणीवर त्यांना रात्रभर झोपू द्यायचं. उसवेल. पुन्हा करायला बाजूला कापड उरत नाही."

"आणि नाहीच केलं तर?"

"तर एवढा मोठा खड्डा उघडा राहील. केव्हातरी तिथली लागण रक्तात जाईल. केव्हा, ते मी सांगू शकत नाही. ताप उतरेपर्यंत ठरवा. कोण, कुठल्या वेळेला. आणि 'आम्ही सगळे बघू' असं सांगू नका. 'सगळे' म्हणजे कुणीच नाही."

त्या गेल्यावर दादा म्हणाला, "नको दुसरं ऑपरेशन."

"काय?"

"किती कापायचं तिला या वयात? पालथी घालून ठेवायची, रात्री-बेरात्री हलवायची. शांतपणे पडू दे."

"शांतपणे पडू दिलं म्हणून तर इथे आलोय!" ताईचा आवाज चढला. तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मग ती सूनबाईकडे वळली. "आणि तुला तरी कळायला नको होतं? रात्री एकदासुद्धा उठवावंसं वाटलं नाही?"

सूनबाईने मान खाली घातली. दादाने तिच्या बाजूने काही म्हटलं नाही. ते मला टोचलं. पण मीही गप्पच होतो.

वहिनींचा ताप पुढचे काही दिवस चढत-उतरत राहिला. मधे एकदा त्या मला माझा भाऊ समजून 'जेवलात का' म्हणाल्या. मी 'हो' म्हटलं. चूक केली की बरोबर, अजून ठरवता आलेलं नाही.

ड्रेसिंग बदलायच्या दिवशी सर्जनबाईंनी दादाला आत बोलावलं. "नको म्हणताय ना? मग बघून नको म्हणा." आत काय झालं ते दादाने मला जिन्यात सांगितलं, माझ्याकडे न बघता. तो शीतगृहात मॅनेजर आहे. थंडी, कुजणं, नासणं हे त्याच्या रोजच्या बोलण्यातले शब्द. त्याला वाटलं होतं तसंच काहीतरी बघावं लागणार. आई पालथी होती. सिस्टरने चिकटपट्टी सोडवली, काळा स्पंज हलकेच उचलला. मूठ बसेल एवढा खड्डा. पण वास नव्हता. आतून लाल, बारीक दाणेदार, ओलं.

"कोण आहे रे?" वहिनींनी उशीत तोंड खुपसलेल्या अवस्थेत विचारलं. "श्वास तुझाच वाटतोय."

"मीच आहे, आई."

"बघितलंस? मला तर माझंच दिसत नाही. कसं आहे?"

"लाल आहे."

"लाल म्हणजे चांगलं, म्हणे. सिस्टर, हा उभा आहे का पडला?"

"उभे आहेत."

"मग बरं. लहानपणी गुडघा फुटला की स्वतःचंच रक्त बघून पडायचा."

"काका," दादा जिन्यात मला म्हणाला, "मी समजत होतो ती संपत आलीय. तिथे तर मांस भरून येतंय. मला न विचारता." आणि तो जिन्यावर बसला. मीही बसलो. हातात हातरुमाल तसाच धरून राहिलो. माझ्याच खिशातून काढून त्याला द्यायला घेतला होता, आणि द्यायचा राहिला.

ताप पूर्ण उतरला त्या दुपारी भेटायच्या वेळेत आम्ही सगळे वहिनींच्या खाटेभोवती जमलो. त्या उजव्या कुशीवर होत्या, पाठीमागे उशीची पाचर. खाटेच्या कठड्याला सिस्टरने एक कागद लावला होता: डावी कूस, उजवी कूस, पोटावर, पुढे सह्या. मला उगाच वाटून गेलं की हा शब्द आपल्या भाषेत किती कामं करतो. याच कुशीत ही तिघं वाढली. वहिनींना सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, भाऊजी, इथे माझी पाठ फाटलीय आणि तुम्ही शब्द कसले विणताय.

"दुसरं ऑपरेशन करायचं," दादा म्हणाला.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "हे कधी ठरलं?"

"मी बघितलंय. तू बघितलेलं नाहीस."

"छान. आता तू शहाणा." ताई खाटेच्या कडेला आली. "करायचंच आहे. पण बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं काय? घरी नेल्यावर पुन्हा तेच होणार असेल तर? एवढे महिने रात्री कुणी हिच्या खोलीत गेलंच नाही, तर आता कोण—"

"जात होते," सूनबाई म्हणाली.

पहिल्यांदाच ती ताईच्या डोळ्यांत बघून बोलत होती. "रोज रात्री जात होते. डॉक्टरांनी पहिल्याच वेळी सांगितलं होतं कूस बदला म्हणून. दारात उभी राहायचे. डोळे मिटलेले दिसायचे. आत एक पाऊल टाकायचे आणि मागे यायचे. वाटायचं, एवढ्या दुखण्यातून यांना झोप लागलीय, ती मोडणारी मी कोण. या घरात आल्या दिवशी मला पहिली गोष्ट हीच सांगितली होती. तुम्हीच सांगितली होती, ताई."

मग उशीतून आवाज आला.

"मी जागीच असायचे."

"काय?"

"जागी असायचे गं. तुझी पावलं कळतात मला. डावा पाय जरासा घासतेस." वहिनी भिंतीकडे बघत बोलत होत्या, वळून बघणं त्यांना शक्यच नव्हतं. "दिवसभर मशीन, वर माझं हगणं-मुतणं. म्हटलं, झोपू दे पोरीला. तू दारात आलीस की डोळे मिटून घ्यायचे."

"आई!" ताई म्हणाली. "सोंग?"

"हो, सोंग. आणि खरं सांगू का, बरंही वाटायचं. जन्मभर तुझ्या बापाची झोप सांभाळली. आता कुणीतरी दारात उभं राहून माझी सांभाळतंय, परत जातंय... मला काय माहीत, खाली पाठ सडतेय."

मला वाटलं सूनबाई रडेल. ती रडली नाही, चिडली. "आणि मी इथे रोज मान खाली घालून ऐकून घेतेय! तुम्हाला एका शब्दाने सांगता आलं नाही? पहिल्या दिवशी? ताई मला काय काय बोलल्या ते ऐकलंत ना तुम्ही?"

"तापात होते गं."

"काल नव्हता ताप!"

हे ती ओरडून म्हणाली. पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. सूनबाई तडक बाहेर गेली. दादा उठायला लागला, तर ताईने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"तू बस. तू तिथे काही बोलला नाहीस, आता इथेही नको बोलूस." आणि आईला म्हणाली, "तुझ्यामुळे मी तिला वाट्टेल ते बोलले. आता ते मला निस्तरायचंय." ती सूनबाईच्या मागे गेली.

दारातून मला दोघी दिसत होत्या. ताई चहाचे दोन कागदी पेले घेऊन आली, एक पुढे केला. सूनबाईने तो बराच वेळ घेतला नाही. पेला गरम असावा. ताई तो या हातातून त्या हातात करत होती, पण खाली ठेवत नव्हती. मग सूनबाईने घेतला. एवढंच. परत आल्या तेव्हा ताई खाटेच्या त्याच बाजूला उभी राहिली जिथे सूनबाई होती.

"आता नियम ऐक," ताई आईला म्हणाली. "रात्री जो येईल तो तुला उठवणार. झोपलेली असलीस तरी, नसलीस तरी. डोळे मिटलेस तर दिवा लावणार."

"मारा मग थेट."

"आई."

"बरं, बरं. कोण कोण येणारे मला छळायला?"

मग माणसं ठरायला लागली. निजायच्या वेळी सूनबाई. त्यानंतर तिने झोपायचं, कुणी तिला हाक मारायची नाही. पुढे दादा. पुढे मी, कारण मला तसंही जाग येते आणि मी पुस्तक धरून बसतोच. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पान संपल्यावर उठवतो असं म्हणाल आणि प्रकरण संपवाल." त्यात खोटं काही नव्हतं. राहिली पहाट. ताईला सुट्टी संपली की शाळेत परतायचं होतं. पहाट रिकामीच राहिली. दादा म्हणाला, मी दोन करतो. सूनबाई म्हणाली, तुम्ही कामावर पडाल. पुन्हा पहिल्यापासून माणसं मोजून झाली आणि पुन्हा पहाट उरली.

"आणि धाकटी?" वहिनी म्हणाल्या.

त्या दुपारपर्यंत तिचं नाव कुणी उच्चारलं नव्हतं. भाऊ दुपारच्या झोपेतच गेला होता. धाकटी शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती. श्वासाचा आवाज बदललेला तिला कळला होता. ती दारापर्यंत गेली, आणि बाबा झोपलेत म्हणून परत आली. ताईने नंतर तिला एकच प्रश्न विचारला होता: 'तू घरात होतीस ना?' ती महिन्याभरात घर सोडून गेली.

ताई आपल्या हातांकडे बघत होती. दारात येऊन परत जाणारी दुसरी बाई तिच्या शेजारीच उभी होती.

"मी बोलावलं तर ती येणार नाही," ताई म्हणाली.

"तिचं पत्र आलंय," मी म्हणालो. "मला. यावं का, विचारतेय."

"कधी आलं?"

"जखम..." मला तारीख सांगायचं धैर्य झालं नाही. "बटणाएवढी होती तेव्हा."

"काका!" तिघंही एकदम म्हणाली.

वहिनी उशीत हसत होत्या. "ओरडू नका त्यांना. छापायच्या आधी तपासत असतील."

मी वऱ्हांड्यातल्या बाकावर लिहायला बसलो. वहिनींच्या पडण्यापासून सुरुवात केली, शय्याव्रण म्हणजे काय ते समजावून सांगितलं, माझ्या मौनाची तीन कारणं दिली, चौथं खोडलं. कागद दोन्ही बाजूंनी भरला. ताई येऊन शेजारी बसली, माझ्या हातातून पेन घेतलं आणि वह्या तपासते तसं वाचायला लागली. कारणं गेली. व्याख्या गेली. खाली उरलं ते तिने मला कोऱ्या कागदावर उतरवायला लावलं: 'आई बरी नाही, पण बरी होऊ शकते. एक ऑपरेशन झालंय, दुसरं व्हायचंय. त्यानंतर रात्रभर तिची कूस बदलावी लागेल. पहाटेला माणूस नाही. ये.'

"सही करा," ती म्हणाली.

मी केली. मग तिने कागद आपल्याकडे ओढला. बराच वेळ पेन तसंच धरून बसली. इतका वेळ मी कुणाला एका ओळीसाठी थांबलेलं पाहिलं नव्हतं, माझ्याशिवाय. शेवटी माझ्या सहीखाली तिने लिहिलं: 'आपल्या घरात आता झोपलेल्या माणसाला उठवतात. माझं चुकलं. – ताई.'

'चुकलं' मधला उकार तिने दीर्घ काढला होता. मी तो दुरुस्त केला नाही.

टपालपेटी हॉस्पिटलच्या फाटकाबाहेरच होती. मी पाकीट अर्धं आत घातलं आणि धरून राहिलो. पत्ता बरोबर आहे ना? तिकीट नीट चिकटलंय ना?

"सोडा, काका," ताई म्हणाली.

सोडलं. पेटी नुकतीच रिकामी केलेली असावी. पत्र पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला. आमच्या घरच्या मानाने बराच मोठा.